दारू सुटली, पण हातातलं अक्षर कुठं गेलं?

मागच्या आठवड्यात मिरजेजवळच्या एका गावातून चार पानी पत्र आलं, हाताने लिहिलेलं. अक्षर बघूनच कळलं की हा माणूस कधीकाळी पाट्या रंगवत असणार, कारण ओळ थरथरलीय पण 'ळ'ची गाठ आणि शिरोरेषेचं टोक अजून डौलात आहे. नाव देऊ नका म्हणालेत, देत नाही. पत्र थोडक्यात असं:

"वय ४४. वीस वर्षं पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, दूध डेअरीच्या भिंती, ट्रॉलीच्या फळ्यावरची नावं, इलेक्शनच्या भिंती, सगळं केलं. फ्लेक्स आला आणि काम गेलं, पण खरं सांगायचं तर दारू त्याच्या आधीपासून होती. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, आज सात महिने झाले, थेंब नाही. दारू सुटावी म्हणून देतात ती डायसल्फिरामची गोळी चालू आहे, बायको रोज सकाळी समोर उभी राहून देते. पण मला चित्र येईना झालंय. मुलगी आठवीत आहे, ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलीय, तिनं अक्षरलेखन दाखवा म्हटलं तर पट्टी लावूनसुद्धा माझी रेघ हलली. ती काही बोलली नाही, मी मोरीत जाऊन रडलो. पूर्वी नव्वद मारली की हात दगडासारखा स्थिर व्हायचा. जुने मित्र म्हणतात तुझी कला बाटलीत होती, बाटलीबरोबर गेली. मी दारू सोडली ती चित्र परत मिळावं म्हणून, तेच मिळणार नसेल तर सोडली कशासाठी? मिरजेत तंबोऱ्याच्या एका दुकानात नक्षीचं आणि पॉलिशचं काम मिळतंय, घेऊ का? बायको माझ्या हातात ब्रश बघितला तरी घाबरते."

भावा,

वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होतो आणि दारुडा पण होतो, दोन्ही एकाच वेळी, सतरा वर्षं झाली आता घेत नाही. त्यामुळे मोरीत जाऊन रडणं म्हणजे काय ते मला सांगायला नको.

आधी हाताचं बोलू, कारण तुझ्या डोक्यात त्याचा उलटा हिशोब बसलाय. नव्वद मारली की हात स्थिर व्हायचा हे खरंच आहे, पण तो हलत कशामुळे होता? रोज पिणाऱ्या माणसाच्या शरीराला दारूची सवय झालेली असते, शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तास उलटले की मज्जासंस्था बिथरते, घाम, धडधड, थरथर सुरू होते, आणि वरून दारू ओतली की ती शांत होते. म्हणजे दारूनेच हलवलेला हात दारूच धरून ठेवायची, आणि आपण समजायचो की हिने आपल्याला कला दिली. मी फळ्यावर सरळ रेघ मारण्यासाठी शाळेत जायच्या आधी घ्यायचो, वर्षानुवर्षं, आणि मला ते औषध वाटायचं.

(हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांचं अजून चालू आहे: रोजची भरपूर दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिले तीन-चार दिवस धोक्याचे असतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या नजरेखाली बंद करा.)

पण तुझे सात महिने झालेत. दारू बंद केल्यामुळे येणारी थरथर एवढ्या दिवसांत बहुतेक ओसरायला हवी, त्यामुळे 'आता हे असंच राहणार' असं धरून बसू नकोस, डॉक्टरला दाखव. थायरॉइड असू शकतं, दारूने नसा कमजोर झालेल्या असू शकतात, बी-वन जीवनसत्त्व कमी असू शकतं, लिव्हरचं असू शकतं, एखाद्या चालू गोळीचा परिणाम असू शकतो, दिवसाला दहा कप चहा असला तर तो पण हात हलवतो. आणि काही घराण्यांत हात थरथरण्याचा एक वेगळा आजार असतो, तो थोड्या दारूने तात्पुरता शांत होतो आणि माणूस नेमका तिथंच फसतो. तुझ्या वडिलांचे, चुलत्यांचे हात हलायचे का ते आठव आणि डॉक्टरला सांग, त्याच्यावर साध्या गोळ्या आहेत. डॉक्टरसमोर दारूचं लपवू नकोस, किती वर्षं आणि किती, सगळं सांग.

आता तुझ्या पत्रातलं जे वाक्य मला खरं टोचलं त्याकडे येतो. "मी दारू सोडली ती चित्र परत मिळावं म्हणून."

भावा, हा सौदा मोड. आजच मोड. कारण चित्र हे असं गिऱ्हाईक आहे की ते कधी येईल कधी नाही येणार, चांगल्या चांगल्यांचं सहा-सहा महिने अडतं, दारू न पिणाऱ्यांचं पण अडतं. आणि तू सोबर राहणं जर चित्रावर टांगून ठेवलंस तर ज्या दिवशी चित्र बिघडलं त्या दिवशी दारूचं दार आपोआप उघडं. एक वाकडी रेघ आणि सात महिने गेले. माझं म्हणणं आहे की हे उलटं कर, चित्राला सोबर राहण्याच्या कामाला लाव. ते चांगलं यायची गरज नाही, विकलं जायची नाही, कुणाला दाखवायची तर अजिबात नाही. त्याने तुझे संध्याकाळचे दोन तास भरायचे, एवढंच त्याचं काम.

संध्याकाळच का म्हणतोय ते तुला कळतंय. आपल्याकडे 'बसणं' हा एक शब्द आहे, "आज बसायचं का?" म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. दारू गेली तरी बसायची वेळ जात नाही, सात वाजले की अंग आपोआप तिकडे वळतं, हात रिकामा, तोंड कोरडं, डोकं किरकिरं. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये चार गोष्टी सांभाळायला सांगतात, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, आणि बघ, संध्याकाळी सातला कामावरून आलेल्या माणसाकडे यातल्या किमान तीन असतात. म्हणून आधी खा. पोटभर खा. मग बस, पण चित्राला बस.

मी काय केलं ते सांगतो. दारू सोडल्यावर जवळजवळ वर्षभर मला काही सुचत नव्हतं. नुसतं चित्रच नाही, गाणं ऐकलं तरी काही नाही, पुरणपोळी खाल्ली तरी काही नाही. इतकी वर्षं रोज मोठा धक्का देऊन मेंदूला खूश केलेलं असतं, मग छोट्या गोष्टीने तो हलतच नाही, बरेच महिने हलत नाही, हळूहळू परत ताळ्यावर येतो. हे मला तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं, मला वाटायचं मी आतून मेलो. मग एके दिवशी कंटाळून स्वयंपाकघरातला पितळी तांब्या समोर ठेवला आणि शाळेतल्या पोरांना देतो तसं वस्तुचित्र काढायला बसलो. वाईट आलं. दुसऱ्या दिवशी परत तोच तांब्या. तिसऱ्या दिवशी तोच. रोज सातला, ओट्याजवळ, एकाच बल्बच्या उजेडात. विचार करायचा नाही, विषय शोधायचा नाही, तांब्या आहेच.

त्या तांब्याला एका बाजूला पोचा होता. मी भिंतीवर फेकला होता, कधी ते मला आठवत पण नाही, घरच्यांना आठवतं. दोन महिने मी तांब्या असा फिरवून ठेवायचो की पोचा मागे राहील. मग एकदा बहुतेक हिनेच घासून ठेवताना उलटा ठेवला असेल, मी तसाच काढायला घेतला आणि अर्ध्यात लक्षात आलं की पोच्यावर उजेड काय सुंदर पडतो, सगळीकडे गोल गुळगुळीत चकाकी आणि तिथं एकदम तुटून आत गेलेली, कडेला एक बारीक पांढरी रेघ. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी बघावंसं वाटलं. ही मागून येऊन उभी राहिली, बराच वेळ, आणि म्हणाली, "पोचा पण काढलात?" मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं. त्या दिवसापासून ती त्या वेळेला चहा आणून ठेवायला लागली.

तू तांब्याच काढ असं नाही. तू अक्षरवाला माणूस, तू अक्षर घे. पण कागदावर नको, मुलांची लिहायची पाटी आण आणि खडू घे. आयुष्यभर पाट्या रंगवल्यास, आता या पाटीवर एक 'क' काढ, पाटीभर मोठा, आणि पूस. परत काढ. पुसलं जातंय म्हणजे वाईट आलेलं उरत नाही, रात्री उशाला येऊन छळत नाही. आणि बोटांनी काढू नकोस, खांद्यातून हात फिरव, भिंतीवर दोन फुटी अक्षर काढताना फिरवायचास तसा, मोठ्या हालचालीत थरथर कमी दिसते. बोर्ड रंगवताना मनगटाखाली काठी धरायचास ना? मग आता धरायला लाज कसली? ती काठी धंद्यातली आहे, आजारपणातली नाही, न पिणारे पेंटर पण धरतात.

मित्रांचं. "तुझी कला बाटलीत होती" हे ते तुला दुखवायला म्हणत नसतील कदाचित, तू बसत नाहीस त्याने त्यांना त्यांची बाटली दिसायला लागलीय. पण ही समजूत जुनी आणि जगभरची आहे म्हणून एका चित्रकाराचं सांगतो, नॉर्वेचा एडवर्ड मुंक. दारू आणि मनाच्या आजाराने पार कोसळला आणि १९०८ साली कोपनहेगनच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात दाखल झाला. तेव्हा वय ४४, तुझंच वय. आठेक महिने तिथं होता, तिथंच बसून त्या डॉक्टरचं पोर्ट्रेट पण केलं. बाहेर आला, बेबंद पिणं मागे टाकलं, आणि मग ऑस्लोच्या विद्यापीठाच्या सभागृहासाठी भिंतभर मोठी चित्रं केली, मधल्या चित्रात समुद्रावर उगवणारा सूर्य आहे, सगळीकडे किरणं फाकलेली. १९४४ ला गेला, ८० वर्षांचा होऊन, शेवटपर्यंत चित्रं काढत होता. काही समीक्षक म्हणतात नंतरच्या कामात आधीची धार नाही राहिली. असेल. पण त्या दवाखान्यानंतर त्याला ३५ वर्षं मिळाली, आणि पीत राहिला असता तर मिळाली असती असं मला तरी वाटत नाही.

आणि मित्रांना सध्या भेटू नकोस. कायमचं म्हणत नाही, सध्या. विशेषतः गणपतीच्या तोंडावर मांडवाच्या डेकोरेशनला ये म्हणून बोलावतील, रात्रभर काम, पहाटे रोख पैसे आणि सोबत क्वार्टर, ते काम या वर्षी सोड. घ्यायचंच झालं तर दिवसाचं घे, आणि पैसे फोनवर बायकोच्या खात्यात घाल म्हणून आधीच सांग. पैसे हातात आल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

मिरजेच्या कामाचं ऐकून मला फार बरं वाटलं. भोपळ्यावर नक्षी करणं, त्याच्यावर पानंफुलं काढणं हे बसून, शांतपणे, दिवसाउजेडी करायचं काम आहे, आणि शिकवणारी माणसं शेजारी असतात. घे. पण फक्त नक्षीचं घे, पॉलिशचं नको. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये करतात, स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, आणि तू डायसल्फिराम घेतोयस. ती गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर त्रास होतो हे तुला केंद्रात सांगितलं असेलच, पण बंद खोलीत दिवसभर स्पिरिटची वाफ घेतली, हाताला चोळलं गेलं तरी काहींना चेहरा लाल होणं, धडधडणं, मळमळणं असा त्रास होऊ शकतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या कोपऱ्यात बसू नकोस. सॅनिटायझर, दाढीनंतरचं लोशन, चित्रावर मारायचा फिक्सेटिव्हचा स्प्रे यांच्यात पण बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. मालकाला सरळ सांग, मी व्यसनातून उठलोय, गोळी चालू आहे, स्पिरिटचं काम जमणार नाही. लपवून मिळालेली नोकरी सांभाळताना माणूस थकतो. आणि तो नाही म्हणाला तर नाही म्हणू दे, कळलं तर खरं.

याच्याच जोडीला तुझा जुना डबा. ऑइल पेंटचे डबे, टर्पेंटाइन, थिनर, कडक झालेले ब्रश, हे सगळं घरात कुठंतरी असणार, कॉटखाली नाहीतर माळ्यावर. बाहेर काढ. काही थिनरमध्ये अल्कोहोल असतं हे एक, पण मला भीती वेगळीच आहे, तो वास. वीस वर्षं थिनरचा वास आणि क्वार्टर तुझ्याकडे जोडीने आलेत, संध्याकाळी ब्रश धुवायचे आणि मग बसायचं, बरोबर ना? नुसत्या त्या वासाने तोंडाला पाणी सुटेल, तुला कळायच्या आत. म्हणून सध्या पाण्यातले रंग, बस. कॅमलचे पोस्टर कलर, पोरीचेच घे, एक गोल ब्रश, एक चपटा ब्रश, जुना पेपर. ब्रश पाण्याने धुतला, काम संपलं.

बायको ब्रश बघून घाबरते ते मला बरोबर वाटतं, आणि तू तिला समजवायला जाऊ नकोस. तिच्या डोळ्यासमोर ब्रश म्हणजे काय आहे? तू काम आहे म्हणून बाहेर जायचास आणि कसा परत यायचास. शब्दाने नाही जाणार ते. घरात बस, तिला दिसेल असा बस, दार उघडं ठेवून, आणि काढलेलं तिला दाखवून कसं आलंय विचारू नकोस. तिला शाबासकी देण्याच्या कामाला लावायचं नाही, तिने आधीच खूप कामं केलीत. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, तिथं तिच्यासारख्या बायका भेटतील, जायचं का नाही ते तिला ठरवू दे.

तुझ्या स्वतःच्या मीटिंगांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून विचारतो, जातोस ना? एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ही १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केली, एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघं एकमेकांशी बोलत बसले तेवढा वेळ प्यायले नाहीत, मूळ एवढंच आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, मराठीत चालतात. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलं. अवचट स्वतः बासरी वाजवायचे, लाकडात कोरायचे, कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करायचे, एवढ्या कामाच्या रगाड्यात पण हात कधी रिकामा नसायचा, मला तर व्यसनातून उठणाऱ्या माणसासाठी याहून मोठा धडा दुसरा वाटत नाही. फॉलोअपला जात राहा, जिथं होतास त्याच केंद्रात. आणि रात्री-अपरात्री फारच ओढ लागली, कुणी फोन उचलेना, तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे आणि मनाचं काही असेल तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. स्लिप झालीच, म्हणजे परत घेतली गेलीच, तर त्याच रात्री कुणालातरी सांग, सकाळची वाट बघू नकोस.

एक सांभाळ. चित्र काढता काढता कधीतरी नको त्या गोष्टी वर येतात, बापाचा चेहरा, कुणाला मारलेलं, कुणाचे बुडवलेले पैसे. आलं तर काढ, पण रात्री एकट्याने नको, दिवसा काढ, आणि समुपदेशकाकडे तो कागद घेऊन जा.

आता पोरीचं, कारण पत्रातली ती एकच गोष्ट थांबणार नाही, परीक्षा जवळ येणार.

तिला तुझा हात नकोय भावा. रेघ मारायला पट्टी आहे, हात तिचा आहे, तेरा-चौदा वर्षांचा, पक्का. तिला नजर हवीय आणि ती तुझ्याकडे आहे, शंभर टक्के आहे, पत्रातल्या प्रत्येक ओळीत मला दिसली. भूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरला पोरं काय करतात माहीत आहे, पट्टीने मोजून प्रत्येक अक्षराला सारखी जागा देतात आणि मग शब्द फाटलेला दिसतो. मी पंचवीस वर्षं ते पेपर बघितलेत. 'र' आणि 'ग' शेजारी आले तर किती जवळ घ्यायचं, 'ठ'च्या पोटाला दोन्हीकडून किती मोकळं सोडायचं, काना कधी आत ओढायचा, हे पट्टी नाही सांगत, हे वीस वर्षं रस्त्याच्या पलीकडे उभं राहून आपला बोर्ड डोळे बारीक करून बघितलेला माणूस सांगतो. तिच्या शेजारी बस, हात मांडीवर ठेव, पेन्सिल तिला धरू दे. "हे थोडं डावीकडे घे. अजून. बास." एवढंच बोल. आणि त्या दिवशी रेघ का हलली ते तिला एका वाक्यात खरं सांगून टाक, तिला माहीत आहेच, तू बोलत नाहीस म्हणून ती बोलत नाही.

परीक्षेची तारीख तू लिहिली नाहीस, ती कळव. आणि तिने काढलेल्या अक्षरांचा एक कागद पाठव, तिला विचारून. मास्तर म्हणून बघतो.